जुनाट फुप्फुसविकार आणि लसीकरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार), दमा, ब्रॉन्किएक्टेसिस (श्वासनलिका फुगून कफ साठण्याचा आजार), फुप्फुसांचा फायब्रोसिस (फुप्फुसे व्रणांमुळे ताठर होणे) किंवा क्षयरोगानंतर राहिलेला श्वासाचा त्रास असलेले रुग्ण आणि त्यांचे कुटुंबीय जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे प्रौढांसाठी आहेत. मुलांविषयी प्रश्न १७ पाहावा. आपल्या औषधांची आणि इतर आजारांची माहिती उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच असते. त्यामुळे ही उत्तरे वाचून त्यांच्याशी नेमके काय बोलायचे ते ठरवावे.

१. मला दहा वर्षांपासून सीओपीडी आहे. लस घेतल्याने माझा दम कमी होईल का?

नाही. लसीमुळे आकुंचन पावलेल्या श्वासनलिका मोकळ्या होत नाहीत आणि नष्ट झालेले वायुकोश परत येत नाहीत. ते काम इनहेलर, व्यायाम आणि धुरापासून दूर राहणे यांचे आहे. लस वेगळ्या कारणासाठी घ्यायची असते. निरोगी माणसाला फ्लू झाला तर तो आठवडाभर अंथरुणात पडून बरा होतो, कारण त्याच्या फुप्फुसांची पुष्कळशी क्षमता राखीव असते. आपल्याकडे ती राखीव क्षमता आधीच खर्च झालेली असते, म्हणून तोच संसर्ग आपल्याला अतिदक्षता विभागात नेऊ शकतो. शिवाय दम एकाएकी वाढण्याच्या प्रत्येक तीव्र झटक्यानंतर फुप्फुसांची ताकद पूर्वीच्या पातळीवर परत येईलच असे नसते. मागच्या वर्षी जिना चढणारा माणूस या वर्षी अंगणात थांबतो, त्यामागे पुष्कळदा मधल्या काळात झालेला एखादा संसर्ग असतो. ती घसरण टाळणे हा लसीचा उपयोग आहे, आणि आमच्या मते तो लहान नाही.

२. माझ्या आईने आयुष्यात कधी विडी-सिगारेटला हात लावला नाही. तिलाही या लसी लागतात का?

होय, लागतात. चुलीसमोर लाकडे आणि गोवऱ्या जाळत तीस-चाळीस वर्षे स्वयंपाक केलेल्या स्त्रियांना होणारा सीओपीडी हा धूम्रपानाने होणाऱ्या सीओपीडीइतकाच खरा आजार आहे. घरोघरी त्याला ‘वयाचा दम’ म्हणून सोडून दिले जाते, त्यामुळे या स्त्रियांपर्यंत लसीचा सल्ला पोहोचतच नाही. लसीच्या दृष्टीने जुनाट फुप्फुसविकारात सीओपीडी, दमा, ब्रॉन्किएक्टेसिस, फुप्फुसांचा फायब्रोसिस व त्या गटातले इतर आजार (आयएलडी), दगडखाणीत किंवा दगड फोडण्याच्या कामावर होणारा सिलिकोसिस आणि क्षयरोग बरा झाल्यावर राहिलेले फुप्फुसाचे नुकसान हे सगळे येतात. आईचे निदान पक्के नसेल तर आधी फुंकण्याची चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करून घ्यावी. मात्र चाचणीची तारीख लांबची असेल तर तोवर फ्लूची लस अडवून ठेवू नये.

३. एकूण कोणत्या लसी घ्याव्या लागतात?

दोन लसींना पहिले स्थान आहे. एक दर वर्षीची फ्लूची (इन्फ्लुएन्झाची) आणि दुसरी न्यूमोकोकस या जिवाणूविरुद्धची, जिला लोक ‘न्यूमोनियाची लस’ म्हणतात. सीओपीडीविषयीच्या आंतरराष्ट्रीय ‘गोल्ड’ मार्गदर्शक अहवालात या दोहोंबरोबर कोविड, डांग्या खोकला, नागीण आणि आरएसव्ही (श्वसनमार्गाला संसर्ग करणारा एक विषाणू) या लसींचीही शिफारस आहे, पण प्रत्येकीला वय आणि पूर्वेतिहासाच्या अटी आहेत. फ्लूविषयी प्रश्न ४ ते ६, न्यूमोकोकसविषयी प्रश्न ७ व ८ आणि उरलेल्यांविषयी प्रश्न १४ पाहावा.

४. फ्लूची लस कोणत्या महिन्यात घ्यावी? इंटरनेटवर ऑक्टोबर लिहिलेले असते.

ऑक्टोबरचा सल्ला अमेरिका-युरोपसाठी आहे, कारण तिथे फ्लू हिवाळ्यात पसरतो. महाराष्ट्र, गोवा आणि देशाच्या बहुतांश भागात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर या काळात येते, आणि जानेवारी ते मार्चच्या दरम्यान अनेकदा दुसरी, लहान लाट दिसते. लस घेतल्यावर पुरेशी प्रतिकारशक्ती तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून आपल्याकडे लस एप्रिलअखेर ते जूनच्या सुरुवातीपर्यंत घेतलेली सर्वांत चांगली. छत्र्या आणि रेनकोट बाहेर निघण्यापूर्वी ती दंडात गेलेली असावी.

वेळ चुकली तरी त्या वर्षाचा विचार सोडू नये. ऑगस्टमध्ये घेतलेली लससुद्धा उरलेल्या पावसाळ्यात आणि पुढच्या हिवाळ्यात उपयोगी पडते. आषाढी वारीला पायी जाणाऱ्यांनी तर पालखीच्या प्रस्थानाआधी किमान दोन आठवडे ती घ्यावीच. सुमारे तीन आठवडे गर्दीत, धुळीत आणि ओल्या कपड्यांत चालताना संसर्ग होण्याची शक्यता पुष्कळ असते, आणि वाटेत झटका आला तर मोठे रुग्णालय जवळ असेलच असे नाही.

५. दर वर्षी तीच लस पुन्हा कशाला?

ती तीच नसते. फ्लूचा विषाणू सतत रूप बदलतो, त्यामुळे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, लसीत कोणते विषाणू असावेत ते ठरवते. भारत उत्तर गोलार्धात असला तरी पावसाळ्यापूर्वी हाती येणारी ताजी लस दक्षिण गोलार्धाच्या सूत्राची असते, म्हणून एप्रिल-मेमध्ये तीच घ्यायची. दुसरे कारण असे की लसीने मिळालेले संरक्षण काही महिन्यांनी उतरू लागते, आणि वयस्कर माणसांत ते अधिक लवकर उतरते.

आणखी एक प्रश्न या संदर्भात येतो: पूर्वी चार विषाणूंची लस मिळायची, आता तिनांची मिळते, म्हणजे तिचा दर्जा घसरला का? नाही. ‘बी-यामागाता’ या शाखेचा विषाणू मार्च २०२० नंतर जगात आढळल्याचे निश्चित झालेले नाही. म्हणून २०२३ च्या सप्टेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो वगळण्याचा सल्ला दिला. जो विषाणू फिरतच नाही, तो लसीत नसल्याने आपले काही कमी होत नाही.

६. फ्लूची लस घेतल्यावरच मला ताप आला आणि दम वाढला. आता पुन्हा घ्यायची हिंमत होत नाही.

ही भीती आम्हाला सर्वांत जास्त वेळा कळवली जाते आणि ती समजण्यासारखी आहे. दंडात टोचल्या जाणाऱ्या फ्लूच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यापासून फ्लू होणे शक्य नाही. दंड दुखणे, अंग मोडून येणे आणि एक-दोन दिवस बारीक ताप येणे मात्र सामान्य आहे. त्यासाठी पॅरासिटामॉल पुरते. दमा किंवा सीओपीडी असलेल्या रुग्णांवर झालेल्या नियंत्रित अभ्यासांत ही लस सुरक्षित ठरली आहे.

मग दम का वाढला? लस अनेकदा अशा वेळी घेतली जाते, जेव्हा घरात कुणाला तरी सर्दी-खोकला सुरू झालेला असतो आणि आपल्यालाही तो संसर्ग आधीच झालेला असतो. किंवा लस परिणामकारक होण्याआधीच्या दोन आठवड्यांत संसर्ग होतो. फ्लूखेरीज दुसऱ्या अनेक विषाणूंनीही सर्दी-तापाचा त्रास होतो, आणि त्यांच्यावर या लसीचा परिणाम नाही.

फायदा किती, हेही सांगायला हवे. थायलंडमध्ये सीओपीडीच्या १२५ रुग्णांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, फ्लूमुळे होणारे श्वसनाचे तीव्र आजार लस घेतलेल्यांमध्ये ७६ टक्क्यांनी कमी आढळले. प्रत्येक वर्षी लस आणि फिरणारा विषाणू यांचे इतके चांगले जुळत नाही, पण आपल्यासारख्या उष्ण आणि दमट हवामानातला हा आकडा आहे, म्हणून तो आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

पूर्वी लस घेतल्यावर काही मिनिटांत ओठ किंवा जीभ सुजली असेल, अंगभर गांधी उठल्या असतील किंवा रक्तदाब कोसळला असेल, किंवा सहा आठवड्यांच्या आत गियाँ-बारे हा नसांचा आजार झाला असेल, तर गोष्ट वेगळी आहे. तसे घडले असल्यास पुढची लस डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये.

७. न्यूमोनियाची लस एकदाच घ्यायची की पाच वर्षांनी पुन्हा? माझ्या कार्डावर ‘पीपीएसव्ही-२३’ लिहिले आहे.

उत्तर आधी कोणती लस घेतली आहे यावर अवलंबून असते, म्हणून जुने कार्ड किंवा बिल शोधून काढणे फार उपयोगाचे ठरते. या लसींचे दोन प्रकार आहेत. ‘पीसीव्ही’ या संयुग्मित लसीत जिवाणूच्या आवरणातील शर्करा प्रथिनाला जोडलेली असते, त्यामुळे शरीराला तिची आठवण दीर्घकाळ राहते. ‘पीपीएसव्ही-२३’ मध्ये ते प्रथिन नसते. ती २३ प्रकारांवर असली तरी तिचा परिणाम काही वर्षांत ओसरतो.

नावापुढचा आकडा म्हणजे लस जिवाणूच्या किती प्रकारांवर आहे ते. आतापर्यंत कोणतीच घेतली नसेल तर पीसीव्ही-२० चा एक डोस पुरतो. त्यानंतर पीपीएसव्ही-२३ लागत नाही. पीसीव्ही-१३ किंवा पीसीव्ही-१५ घेतली असेल, तर किमान एक वर्षाने पीपीएसव्ही-२३ घ्यावी. पीसीव्ही-१३ घेतलेल्यांना तिच्याऐवजी पीसीव्ही-२० ही घेता येते. आपल्याप्रमाणे फक्त पीपीएसव्ही-२३ घेतली असेल, तर तिला एक वर्ष झाल्यावर पीसीव्हीपैकी एक, शक्यतो २०, घ्यावी. दर पाच वर्षांनी पीपीएसव्ही-२३ घेत राहण्याची गरज नाही. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असणाऱ्यांसाठी अंतरे वेगळी असतात (प्रश्न ११).

कार्ड हरवले आहे आणि काहीच आठवत नाही, असेही पुष्कळ जण लिहितात. अशा वेळी लस घेतलेली नाही असे धरून पुढे जावे. एक डोस जास्त झाला तर फार तर दंड अधिक दुखेल. लस राहून गेली तर धोका मोठा असतो.

८. ही लस घेऊनही वडिलांना न्यूमोनिया झाला. मग पैसे वाया गेले का?

न्यूमोनिया अनेक जिवाणू आणि विषाणूंमुळे होतो. ही लस त्यांपैकी फक्त न्यूमोकोकसवर आहे. न्यूमोकोकसचेही शंभराच्या आसपास प्रकार आहेत आणि लसीत त्यांतले आजार घडवण्यात पुढे असलेले काही असतात. नेदरलँड्समध्ये ६५ वर्षांवरील सुमारे ८५,००० लोकांवर झालेला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आहे. त्यात पीसीव्ही-१३ मुळे लसीतल्या प्रकारांनी होणारा न्यूमोनिया सुमारे ४६ टक्क्यांनी आणि त्याच प्रकारांचा रक्तात वा मेंदूच्या आवरणात पसरणारा गंभीर संसर्ग ७५ टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे लस संरक्षण देते, अभेद्य कवच देत नाही. वडिलांचा न्यूमोनिया कोणत्या जंतूने झाला हे माहीत नसताना लस निकामी ठरली असे म्हणता येत नाही. पुढच्या वर्षीची फ्लूची लसही याच कारणाने टाळू नये, कारण फ्लूने दुबळ्या झालेल्या फुप्फुसांतच न्यूमोकोकस अनेकदा शिरकाव करतो.

९. नाकात फवारायची फ्लूची लस मिळते. सुईची भीती आहे, ती चालेल का?

चालणार नाही. नाकातल्या लसीत दुबळा केलेला पण जिवंत विषाणू असतो. दमा किंवा घरघर असलेल्यांचा त्रास तिने वाढू शकतो. आपण टोचण्याचीच लस घ्यावी.

१०. मी रोज स्टेरॉइडचा पंप घेतो, आणि मध्ये मध्ये गोळ्यांचा कोर्सही होतो. लस लागू पडेल का?

इनहेलरमधले स्टेरॉइड लसीच्या आड येत नाही. लसीच्या दिवशीही तो नेहमीसारखाच घ्यावा. पाच-सात दिवसांच्या गोळ्यांच्या कोर्समुळेही निर्जीव लसींना अडथळा नसतो. प्रश्न येतो तो प्रेडनिसोलोन रोज २० मिलिग्रॅम किंवा अधिक, दोन आठवडे वा त्याहून जास्त काळ चालू असेल तेव्हा. अशा वेळी लस धोकादायक ठरत नाही, पण शरीराचा प्रतिसाद कमी मिळू शकतो. फ्लूची लस तरीही वेळेवर घ्यावी, कारण तिचा मोसम थांबत नाही. न्यूमोकोकस किंवा नागिणीची लस डोस कमी होईपर्यंत थोडी पुढे ढकलता येते. जिवंत लसी मात्र या काळात आणि नंतरही किमान एक महिना वर्ज्य आहेत.

११. मला आयएलडी आहे आणि मेथोट्रेक्सेट चालू आहे. बहिणीला रिटुक्सिमॅबचे सलाइन लागते. आमचे काय?

संधिवातासारख्या आजारातून फुप्फुसांचा फायब्रोसिस झालेल्यांना हा प्रश्न नेहमी पडतो, आणि त्याचे उत्तर वेळ जुळवण्यात आहे. आजार आटोक्यात असेल तर फ्लूची लस घेतल्यावर मेथोट्रेक्सेट दोन आठवडे थांबवल्यास प्रतिसाद सुधारतो. पण हा निर्णय संधिवाततज्ज्ञांचा आहे, गोळी स्वतःहून बंद करू नये. इतर निर्जीव लसींसाठी मेथोट्रेक्सेट थांबवावे लागत नाही.

रिटुक्सिमॅब प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींनाच काढून टाकते, म्हणून तिथे नियोजन जास्त काटेकोर असते. फ्लूची लस मोसमानुसार घ्यायचीच. बाकीच्या लसी पुढचा डोस देय होईल त्या सुमारास घ्याव्यात आणि त्यानंतर रिटुक्सिमॅब किमान दोन आठवडे पुढे ढकलावे. यासाठी बहिणीच्या छातीविकारतज्ज्ञांनी आणि संधिवाततज्ज्ञांनी एकमेकांशी बोलणे आवश्यक असते. प्रत्यक्षात ते राहून जाते, म्हणून पुढच्या सलाइनची तारीख ठरवतानाच लसीचा विषय तिने स्वतः काढावा. ही औषधे सुरू व्हायची असतील तर लसी आधीच उरकून घेणे उत्तम. पिरफेनिडोन किंवा निंटेडॅनिब या फायब्रोसिसच्या गोळ्यांमुळे लसीला बाधा येत नाही.

१२. आत्ता खोकला आहे, किंवा नुकताच रुग्णालयातून घरी आलो आहे. थांबू का?

साध्या सर्दीसाठी थांबू नये. जास्त ताप असेल किंवा झटका ऐन भरात असेल तर स्थिती सावरेपर्यंत थांबावे. घरी सोडतेवेळी लस घेण्यास मात्र हरकत नसते. उलट ती वेळ चांगली, कारण घरी गेल्यावर पुढच्या भेटीपर्यंत विषय मागे पडतो. ज्यांना रोजच खोकला असतो त्यांनी ‘पूर्ण बरे वाटेल तेव्हा’ ही अट घातली तर तो दिवस कधीच येणार नाही.

१३. मला वीस वर्षांपूर्वी टीबी झाला होता. पुन्हा बीसीजी घेतली की दम थांबेल का?

टीबी बरा झाल्यावर उरलेला दम हा फुप्फुसावर राहिलेल्या व्रणांमुळे असतो आणि बीसीजीने तो कमी होत नाही. लहानपणीची बीसीजी फ्लू किंवा न्यूमोकोकसच्या लसीची जागाही घेत नाही. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात २०२४ पासून काही जिल्ह्यांत जोखमीच्या प्रौढांना बीसीजी देऊन तिचा उपयोग तपासला जात आहे. आपल्याला विचारणा झाली तर चालू औषधांची यादी जरूर दाखवावी, कारण बीसीजी जिवंत लस आहे आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांना ती देत नाहीत. टीबीचे उपचार चालू असतानाही फ्लूची टोचण्याची लस घेता येते.

१४. नागीण, डांग्या खोकला, आरएसव्ही आणि कोविड यांच्या लसी खरेच आवश्यक आहेत का?

सीओपीडी असलेल्यांत नागिणीचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळते, आणि नागिणीनंतर छातीच्या कडेला राहणारी वेदना खोल श्वास घेऊ देत नाही, खोकून कफ काढू देत नाही. पन्नाशीनंतर दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस घेतात. प्रतिकारशक्ती दबलेल्यांना ही लस पन्नाशीआधीही देता येते आणि डोसांतले अंतर एक-दोन महिन्यांवर आणता येते. नागीण होऊन गेली असली तरी पुरळ पूर्ण सुकल्यावर लस घेता येते. ती निर्जीव आहे, पण महाग आहे.

डांग्या खोकल्यासाठी प्रौढपणी ‘टीडॅप’चा (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला यांच्या एकत्रित लसीचा) एक डोस पुरतो. जखम झाल्यावर घेतलेले धनुर्वाताचे इंजेक्शन म्हणजे ही लस नव्हे. आरएसव्हीच्या लसीला अमेरिकेत २०२३ मध्ये ६० वर्षांवरील लोकांसाठी प्रथम मान्यता मिळाली. ती एकदाच घेतात, दर वर्षी नाही. कोविडच्या बाबतीत, भारतात १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयाच्या ज्या आजारी लोकांना प्राधान्य मिळाले त्यांत गंभीर श्वसनविकाराचे रुग्ण होते. जोखीम आजही तीच आहे, म्हणून पुढील डोसाबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे.

१५. दोन लसी एकाच दिवशी घेतल्या तर झेपेल का?

होय. फ्लू आणि न्यूमोकोकसची लस एकाच भेटीत, दोन वेगळ्या दंडांत घेता येते. दोन्ही दंड दुखतील, पण लांबून येणाऱ्यांची दुसरी फेरी वाचते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी तसे सांगावे. बारीक सुई वापरून, टोचल्यावर दोन मिनिटे न चोळता दाबून धरले की पुरते. गोळी बंद करावी लागत नाही. अंड्याची ॲलर्जी हे आता फ्लूची लस नाकारण्याचे कारण मानले जात नाही.

१६. हे सगळे परवडत नाही. आधी कोणती घेऊ? आणि सरकारी रुग्णालयात मिळते का?

पैसे एकाच लसीपुरते असतील आणि पावसाळा जवळ आला असेल, तर फ्लूची घ्यावी. न्यूमोकोकसची लस महाग आहे, पण पीसीव्ही-२० चा खर्च एकदाच होतो. म्हणून तिच्यासाठी वर्षभरात थोडे थोडे बाजूला ठेवावे. नागिणीची त्यानंतर.

सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात पीसीव्ही २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ मध्ये देशभर आली, पण ती बाळांसाठी आहे. महाराष्ट्रात २०१५ च्या स्वाइन फ्लूच्या साथीच्या वेळी राज्य सरकारने गरोदर स्त्रिया, मधुमेह व उच्च रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांच्यासाठी मोफत फ्लूची लस सुरू केली. साठा दर वर्षी सारखा नसतो. मे-जूनमध्ये जिल्हा किंवा महापालिकेच्या रुग्णालयात चौकशी करावी आणि दम्याबरोबर मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर तेही आवर्जून सांगावे.

मेडिकलमधून लस विकत आणून टोचून घ्यायची असेल तर ती २ ते ८ अंश सेल्सियसमध्येच राहिली पाहिजे. बर्फाला थेट चिकटवून आणू नये, गोठलेली लस निकामी होते. वेष्टनावरची मुदत आणि कोणत्या वर्षाचे सूत्र आहे तेही पाहावे. शक्य असेल तर जिथे लसीचा शीतकपाट आहे त्या दवाखान्यातच घेणे बरे.

१७. मुलाला दमा आहे. शिवाय नातवंडेही घरात आहेत. त्यांनी लस घ्यायची का?

दम्याच्या मुलाला सहा महिन्यांच्या वयापासून फ्लूची टोचण्याची लस दर वर्षी द्यावी. नऊ वर्षांखालील मुलाची पहिलीच वेळ असेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. नातवंडांना दमा नसला तरी त्यांना लस दिलेली चांगली, कारण शाळेतून फ्लू घरी येतो तो बहुधा त्यांच्याबरोबर. रुग्णाची सेवा करणाऱ्या सुनेने किंवा मुलीनेही ती घ्यावी. तिच्याकडे सर्वांचे दुर्लक्ष होते.

१८. मे महिन्यात इथे लस घेतली. ऑक्टोबरमध्ये मुलाकडे अमेरिकेला सहा महिने जायचे आहे. तिथे पुन्हा घेऊ का?

तिथला फ्लूचा मोसम तेव्हा सुरू होत असतो आणि आपल्या लसीला पाच महिने झालेले असतात. दोन डोसांत किमान चार आठवडे गेलेले असल्याने तिथली नवी लस घेणे सुरक्षित आहे. वय ६५ च्या पुढे असेल किंवा सीओपीडी तीव्र असेल तर आम्ही घ्यावी असेच सुचवू. तिथे केलेली नोंद परत येताना बरोबर आणावी.

१९. वडील घरीच ऑक्सिजनवर आहेत, बाहेर नेणे कठीण आहे.

लस घरी देता येते. देणारी व्यक्ती प्रशिक्षित असावी, लस शीतपेटीतून यावी, आणि ॲड्रेनलिन (तीव्र ॲलर्जीवरचे तातडीचे इंजेक्शन) बरोबर असल्याची खात्री आधी फोनवरच करून घ्यावी. टोचल्यानंतर अर्धा तास परिचारिकेने थांबावे. ऑक्सिजनचा प्रवाह लसीसाठी वाढवू नये, नेहमीचाच ठेवावा. अशा रुग्णाच्या बाबतीत घरातल्या प्रत्येकाचे फ्लूचे लसीकरण (प्रश्न १७) त्याच भेटीत उरकता आले तर सर्वांत चांगले.